विठ्ठलवाडीहून भुयारी गाडीपर्यंत

मेट्रोची हौस आमच्या ह्यांना, मला नव्हे. मला जमिनीवरून जाणारी गाडीसुद्धा पुलावरून जाताना नको होते, तर जमिनीखालून जाणारीचं नावच सोडा. पण आमच्या बिल्डिंगमधल्या बायका रोज विचारतात, कशी असते हो, जावं का आम्ही? त्यांना दरवेळी पायऱ्यांवर उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. जाच तुम्ही. गाडी स्वच्छ आहे, थंड आहे, धक्के बसत नाहीत. फक्त माझ्यासारखं नवऱ्याचा मोबाइल स्वतःच्या पर्समध्ये घालून जाऊ नका.

विठ्ठलवाडी

आम्ही एसटी डेपोच्या बाजूला राहतो. आधी चाळीत होतो, आता फ्लॅट आहे, स्टेशन तेच. आमच्याकडे मेट्रो येणार, येणार हे इतकी वर्षं ऐकतोय की आता विषय निघाला की शेजारच्या दीपाभाभी "हां हां, आयेगी, आयेगी" म्हणून आत निघून जातात. हे मात्र पेपरात बातमी आली की चष्मा पुसून वाचतात. घाटकोपरला एका कारखान्यात जन्मभर फिटर होते, त्यामुळे कुठलंही यंत्र म्हटलं की माणसाचा जीव अडकतो. "आपल्याकडे यायची तेव्हा येईल," म्हणाले, "आपण जाऊन बसून येऊ. ती भुयारातली."

मी आठवडाभर टाळलं. गुडघा दुखतोय, पाहुणे येणारेत, गॅसवाला येणारे. खरं कारण तोंडातून काढलं नाही. मला भीती मेट्रोची नव्हती, ह्यांची होती.

गणपतीपासून ह्यांचं काहीतरी बिनसलंय. आधी दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात सापडली. मी म्हटलं, म्हातारपण, चालायचंच. मग तेच तेच विचारायला लागले. आणि दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी एक रिक्षावाला ह्यांना दारापर्यंत सोडून गेला. "काका डेपो के सामने खडे थे, रस्ता भूल गये थे," म्हणाला. डेपो आमच्या खिडकीतून दिसतो. हे हसत हसत आत आले, "भुललो कसला, गप्पा मारत होतो त्याच्याशी." मीही हसले. चहा टाकला. साखर भांड्याबाहेर ओट्यावर सांडली.

कुणाला सांगितलं नाही मी. ना दीपाभाभींना, ना पुण्याला मुलाला. विनूला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात उभा राहील, आणि पुण्याच्या त्या अकराव्या मजल्यावर हे खिडकीत बसून राहतील. ह्यांच्याशी तर बोलायचा प्रश्नच नव्हता. आपल्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं, की तुमचं डोकं चालेनासं झालंय? म्हणून मी नुसती लक्ष ठेवून होते. खाली भाजीला गेले तरी जीव वर. हे हरवतील, आणि हरवले की सगळ्या जगाला कळेल, आधी ह्यांनाच कळेल, ही एकच भीती दिवसरात्र.

शेवटी म्हणाले, "तू नसशील येत तर मी एकटा जातो." मग मी मुकाट्याने साडी बदलली. ह्यांचा मोबाइल, ओळखपत्र, औषधाची डबी, सगळं माझ्या पर्समध्ये घेतलं. कुठे विसरायला नकोत म्हणून. केवढी हुशार बाई मी.

बदलापूर

जायचं होतं घाटकोपरला, आणि आम्ही चढलो बदलापूरच्या गाडीत. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. आमच्या भागात कुणाला विचारायचीसुद्धा गरज पडत नाही. मुंबईला जायचं तर आधी उलट दिशेच्या गाडीत बसायचं, बदलापूरपर्यंत जायचं, तीच गाडी तिथून मुंबईकडे वळते, आणि आपण खिडकीशी. तिकीट बदलापूरपासूनचं काढायचं म्हणजे मन स्वच्छ. ह्यांनी नोकरीभर असाच प्रवास केला. मी कधी बरोबर असले तर मला विठ्ठलवाडीलाच उभी करून हे एकटे उलट जायचे, आणि गाडी परत आली की ठरलेल्या डब्यात शेजारच्या जागेवर रुमाल टाकून बसलेले असायचे. आता सकाळी उशिरा गाडीत अर्धी बाकं मोकळी होती. तरी हे उलटेच गेले. "सवय," म्हणाले.

उल्हासनगर गेलं. वालधुनी नदीचा तो ओळखीचा उग्र वास आला आणि गेला. दीपाभाभींनी पहाटे उठून कोकी करून दिल्या होत्या, कांदा-मिरची घातलेली सिंध्यांची जाड पोळी, वर पापडसुद्धा वेगळा बांधून. "सफर में कोकी खराब नहीं होती," हे त्या कुणी कल्याणला जात असलं तरी सांगतात. अंबरनाथला कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यांच्या मागे मलंगगडाची रांग. हे एकेका चिमणीकडे बोट दाखवून सांगत होते, इथे अमुक बनायचं, ती बंद पडली, तिथला मेकॅनिक माझा दोस्त होता. सगळं बरोबर. एक नाव चुकलं नाही. मी मनात म्हटलं, उगाच घाबरतेस, सरोज.

बदलापूरला थंडी होती. चंदेरी किल्ल्याचा सुळका स्वच्छ दिसत होता. गाडी उभी असताना वालाच्या शेंगांच्या जुड्या घेऊन एक बाई समोर येऊन बसली, कल्याणच्या बाजाराला निघालेली. "घे गं बाय, गावठी हाय, माझ्याच वावरातली," मला म्हणाली. ह्यांनी विचारलं, कुठल्या गावच्या तुम्ही? तिने गाव सांगितलं, बदलापूरजवळच्या चोणच्या बाजूचं. ह्यांनी नदी विचारली, शेती विचारली, यंदा वाल कसा आलाय विचारलं. छान गप्पा चालल्या होत्या. अंबरनाथ मागे पडलं आणि ह्यांनी तितक्याच आपुलकीने विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

तिने पुन्हा गाव सांगितलं, पहिल्यासारखंच. मग माझ्याकडे बघितलं. मी शेंगा निवडायचं नाटक करत खाली मान घातली. कल्याणला उतरताना तिने एक जुडी माझ्या मांडीवर जास्तीची ठेवली आणि गेली. मला ती जुडी नको होती.

घाटकोपर

घाटकोपरला मेट्रोची पायरी चढताना मी ह्यांचा दंड धरला. "सोड, लोक बघतात," म्हणाले. पिशवी यंत्रातून गेली, कोकी आणि वालाच्या शेंगा पडद्यावर कशा दिसल्या असतील देव जाणे, तिथला माणूस जरा थबकला. मग तिकिटाचं फाटक. ह्यांनी तिकिटाचा कागद काचेवर धरला, दार उघडलं, गेले पलीकडे. मी कागद उलटा धरला. दार उघडेना. मागे लोक थांबले, आणि हे पलीकडे. मध्ये ती दोन झडपांची भिंत. मी तोच कागद पुन्हा पुन्हा काचेवर दाबत राहिले. त्यांनीच पलीकडून खुणेने दाखवलं, कागद पालटून धर. पालटला, दार उघडलं. "घाबरतेस काय एवढी," म्हणाले, "यंत्र आहे, चावत नाही."

मेट्रोतल्या लोकांची एक गोष्ट मला खटकली. कुणी बोलत नाही. आमच्या गाडीत अनोळखी बाई शेजारी बसली तरी ठाणं येईपर्यंत तिच्या सुनेचं माहेर कळतं. इथे माझ्या शेजारच्या मुलीकडे बघून मी हसले तर तिने कानातलं काढून "हां जी?" विचारलं, जसं काही मी पत्ता विचारला. ही मेट्रो पुलावरून जाते, त्यामुळे वरून झोपड्यांची निळी छपरं, टेकडीवरची घरं, कुणाच्या गच्चीतलं वाळवण, सगळं दिसत होतं. हे दारापाशी उभे राहून ब्रेक कसा लागतो ते ऐकत होते. चेहरा इतका खुललेला मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

मरोळ नाका

भुयारी गाडीसाठी मरोळ नाक्याला बदलायचं. सरकत्या जिन्याने खाली, मग अजून खाली, मग अजून. माझा गुडघा पार गेला होता. तळाला पोचलो तर लांबलचक फलाट, पांढरा उजेड, दोन्ही बाजूंच्या रुळांच्या कडेने काचेची भिंत आणि त्या भिंतीला दारं. आम्हाला जायचं होतं त्या दक्षिण मुंबईकडची गाडी आली तेव्हा आत बऱ्यापैकी लोक उभे होते. मी म्हटलं, जाऊ द्या, पुढच्या गाडीने जाऊ, पाय दुखतोय. बाक दिसला, तिथे बसून गुडघ्यावरचा पट्टा नीट करायला वाकले.

मान वर केली तर हे समोरच्या बाजूच्या गाडीत.

आरेकडे जाणारी गाडी. उलट दिशेची. मी "अहो" म्हणाले तेवढ्यात दोन्ही दारं मिटली, गाडीचं आणि भिंतीचं. काचेतून हे माझ्याकडे बघत होते, हसत होते आणि एक बोट हवेत गोल गोल फिरवत होते. गाडी गेली. इतकी गुळगुळीत गेली की आवाजसुद्धा झाला नाही.

मला त्या हसण्याचीच भीती वाटली. आणि त्या बोटाची तर जास्तच. मला वाटलं, झालं. ज्याला भीत होते ते आज, इथे, जमिनीखाली झालं. ह्यांना आपण कुठे जातोय तेच कळत नाहीये आणि वर लहान पोरासारखं हसतायत. पर्समध्ये हात घातला, ह्यांना फोन लावला, आणि माझ्याच पर्समध्ये दुसरा फोन वाजला. त्या क्षणी मी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

तिकडून परत येणारी गाडी आली. मी लंगडत लंगडत एकेक डबा बघत गेले, काचेला नाक लावून. नाहीत. दुसरी आली. तिच्यातही नाहीत. माझ्या डोक्यात काय काय येत होतं सांगू नये. कुठल्या तरी स्टेशनला वर जातील, रस्त्यावर येतील, तो सगळा भाग ह्यांना परका. कुणी नाव विचारलं तर सांगतील का? खिशात ओळखपत्र नाही, तेही माझ्याकडे. माझ्या माणसाला मीच बिननावाचा करून पाठवला होता.

"काकू, काय शोधताय?" गणवेशातली एक मुलगी जवळ आली, हातात वॉकीटॉकी.

"माझे मिस्टर त्या गाडीत चढले. आरेच्या."

"मग येतील ना. फोन करा त्यांना."

"फोन माझ्याकडेय."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. "काकू, काही त्रास आहे का त्यांना? बीपी, शुगर? विसरायला वगैरे होतं का?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला दोन बायका बसल्या होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. गणपतीपासून जे मी पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं ते त्या मुलीला सांगितलं. "हो. विसरतात." आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेचना. रस्ता विसरतात, तेच तेच विचारतात, दूध कपाटात ठेवतात, घरासमोर उभं राहून घर ओळखत नाहीत. बोलत गेले आणि ऐकणाऱ्या बायांचं मला काही वाटलं नाही. फक्त हे सापडावेत.

मुलीने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "सीनियर सिटिझन है, ब्राउन स्वेटर, मेमरी का पेशंट है, अकेला मत छोडना." ब्रेक ऐकायला दारापाशी उभा राहणारा माझा नवरा एका वाक्यात पेशंट झाला. मीच केला.

थोड्या वेळाने तिकडून आवाज आला. मिल गये. आरेलाच आहेत. पाठवतो.

गाडी आली. मुलगी मला हाताला धरून बरोबर दारासमोर घेऊन गेली. दार उघडलं. समोरच्या बाकावर हे बसले होते, आणि एक सुरक्षारक्षक ह्यांच्या खांद्यावर हात घट्ट ठेवून उभा होता. ह्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर रुमाल पसरलेला होता.

"चढा काकू, चढा, दार बंद होईल," मुलगी म्हणाली. मी चढले. रक्षक उतरता उतरता म्हणाला, "मॅडम, ध्यान रखो इनका. बार बार बोल रहे थे, बीवी के लिए सीट पकडा है, बीवी के लिए सीट पकडा है. गाडी से उतर ही नहीं रहे थे. हमको लगा ऐसे ही कुछ बोल रहे हैं."

जमिनीखाली

मी रुमाल उचलला आणि बसले. इथली शांतता आता बरी वाटत होती.

"शेवटच्या स्टेशनला उतरवतात इथे," हे म्हणाले. "मला माहीत नव्हतं. आपल्याकडे बसून राहिलं तर कुणी काही म्हणत नाही. तुझा गुडघा दुखत होता. म्हटलं दोन-तीन स्टेशनं उलट जाऊ, जागा धरून येऊ. बोट फिरवून दाखवलं की तुला."

दाखवलं होतं. म्हणजे, फिरून येतो. विठ्ठलवाडीच्या फलाटावर ही खूण मी कितीदा तरी बघितली होती, ह्याच माणसाच्या हाताची.

"काय सांगितलंस त्यांना?"

खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. "तुम्हाला विसरायला होतं, ते सांगितलं."

"म्हणूनच." रुमाल माझ्या हातातून घेऊन त्यांनी नीट घडी घातली. "आधी माझ्याशी चांगलं बोलत होता तो. मग त्याला वायरलेसवर काहीतरी सांगितलं आणि एकदम मोठ्याने, सावकाश बोलायला लागला. नाव विचारलं. आज वार कुठला विचारलं. घरी कोण कोण असतं. मी सगळं बरोबर सांगितलं."

"मग?"

"मग म्हणाला, शाब्बास काका."

मला रडू फुटलं. समोरच्या मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि परत खाली घातलं. मी म्हटलं, चुकलं माझं, तुम्ही धडधाकट आहात, मीच वेडी आहे, उगाच काहीतरी मनात धरून बसते. भरभर बोलत होते, त्यांना पटवायला की स्वतःला, कोण जाणे.

"नाही," हे म्हणाले. "खोटं नाही बोललीस तू. त्या दिवशी डेपोसमोर मला खरंच कळत नव्हतं. बिल्डिंग दिसत होती. खिडकीत तू दिसत होतीस. ती बाई कोण, कुणाची वाट बघतेय, ते कळत नव्हतं."

गाडी कुठल्याशा स्टेशनला थांबली, माणसं चढली, उतरली.

"बोलला का नाहीत मला?"

"तू घाबरशील म्हणून. तू पालीला घाबरतेस, तुला हे काय सांगायचं?" मग विचारलं, "तू का नाही बोललीस?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"मी घाबरलोच होतो की आधीपासून," म्हणाले. "एकटाच."

शेवटच्या स्टेशनला उतरलो. वर येऊन थोडं चालल्यावर समुद्र होता. कठड्याशी बसून कोकी खाल्ली, पापडाचा चुरा झाला होता, तो ह्यांनी तळहातावर घेऊन संपवला. समुद्राचं त्यांना फारसं काही नव्हतं, भुयारी गाडीच्या ब्रेकचा आवाज ऐकायचा राहिला म्हणून चुटपुटत होते. मी विचारलं, विनूला सांगायचं? "सांगू," म्हणाले. "मी सांगतो. पण पुण्याला नाही जायचं लगेच, तेही मीच सांगतो." आणि डॉक्टर? होकाराची मान हलवली. मला वाटलं होतं हे सगळं उघड झालं की भीती कमी होईल. तसं काही झालं नाही. आता ती खरी झाली होती, एवढंच.

पुन्हा विठ्ठलवाडी

परतीला सीएसएमटीवरूनच गाडी घेतली, कामावरून सुटणाऱ्यांच्या आधी. हे कल्याणपर्यंत झोपले. विठ्ठलवाडीला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती, स्टेशनच्या पुलावर भाजीवाल्यांची मांडामांड चालली होती.

पुलाच्या मध्यावर हे थांबले.

हल्ली ते असे थांबायचे. "चप्पल बघतोय, तू हो पुढे," म्हणायचे आणि वाकायचे. मी पुढे झाले की माझ्या मागून यायचे. मला ती चप्पल इतके महिने खरीच वाटत होती, तो बहाणा होता हे मला तिथे, त्या पुलावर उभं असताना कळलं.

या वेळी ते वाकले नाहीत. माणसं दोन्हीकडून जात होती, ओळखीचीही असतील. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, लपवाछपवी न करता, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"सरोज, आपण कुठल्या बाजूला उतरायचं?"

"डावीकडे," मी म्हटलं. "डेपोकडे."

"बरं," म्हणाले आणि निघाले. माझ्याने कठडा सोडवेना. दोन पायऱ्या उतरून त्यांनी मागे बघितलं, मी तशीच उभी आहे बघून परत वर आले आणि माझा हात धरला.